सशाची मादी आणि जखमी पिल्लं

पिंजऱ्यात व्यायला ठेवलेल्या पेटीतलं पिल्लू जखमी झालं तर सशाची मादी त्याची जखम चाटत बसत नाही आणि मुद्दाम टाकूनही देत नाही, तिचं वागणं आधी होतं तसंच राहतं. लोक लगेच म्हणतात आई निर्दयी आहे, पण तसं अजिबात नाहीये. ती दिवसातून एकदा, कधी दोनदा येते, तीन-चार मिनिटं पाजते आणि निघून जाते, कारण रानात बिळापाशी रेंगाळलं की शिकारी जनावराला पत्ता लागतो. मांजरीसारखं पिल्लाला तोंडात धरून परत आणणं तिला जमत नाही, म्हणून पेटीबाहेर पडलेलं पिल्लू तिथंच गारठून जातं. जखमी पिल्लाचं खरं मरण भुकेत असतं, त्या तीन-चार मिनिटांत भावंडांच्या रेटारेटीत सड सापडलं नाही की पुढचा अख्खा दिवस उपाशी.

कधी जखम आईकडूनच होते. व्याताना वार (पिल्लामागून पडणारी झार) खाताना, नाळ तोडताना कान किंवा शेपटी चावली जाते, पहिलटकरणीत हे जास्त दिसतं. मेलेलं पिल्लूही ती खाऊन टाकते. पाणी कमी पडलं, कुत्री भुंकली, सारखं डोकावलं तर बिथरते. सोलापुरात एप्रिल-मेला पारा 40 च्या वर असतो, पत्र्याच्या शेडमधल्या मादीचं पाणी दुपारी एकदा तरी बदलाच, आणि पिंजऱ्यावर जुनी सोलापुरी चादर ओली करून टाका, फक्त वारा अडवू नका.

आमच्याकडे एकाच्या कानाचं टोक गेलं होतं, रक्त सुकून काळं पडलेलं. सलाईनने पुसलं, हातात ऊब दिली आणि परत भावंडांत ठेवलं. माणसाचा वास लागला की आई टाकते हे पाळीव सशाच्या बाबतीत खरं नाही, तिने दुसऱ्या दिवशी पाजलं. पोट बघायचं, प्यायलेल्या पिल्लाचं पोट टम्म असतं आणि पातळ कातडीतून आतलं पांढरं दूध दिसतं. सुरकुतलेलं पोट दिसलं तर मादीला धरून त्या एकट्याला आधी पाजून घ्या. जखमेवर माशा बसू देऊ नका, अळ्या पडतात. आणि घरातलं अमॉक्सिसिलिन तोंडाने कधीच देऊ नका, सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ससाच जातो, डॉक्टरांना विचारा.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरचा रानससा मात्र वेगळा, त्याची पिल्लं केसांसकट, उघड्या डोळ्यांनीच जन्मतात आणि गवतात एकटी गप्प बसलेली असतात. ती अनाथ समजून उचलून घरी आणू नका, आई अंधार पडल्यावर पाजायला येते.