हिर्टा (सेंट किल्डा)

हिर्टा : स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरातील सेंट किल्डा द्वीपसमूहातले सर्वांत मोठे बेट आणि त्यावरचे एकमेव गाव. आउटर हेब्रिडीज या द्वीपसमूहातील नॉर्थ यूइस्ट बेटापासून ते सुमारे ६४ किमी. दूर आहे. किमान दोन हजार वर्षे इथे माणसांची वस्ती होती. २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेल्या ३६ रहिवाशांनी बेट सोडले. ‘सेंट’ असा उल्लेख असला तरी किल्डा नावाचा कोणी संत होऊन गेल्याची नोंद नाही. हे नाव जुन्या नॉर्स या व्हायकिंगांच्या भाषेतील एखाद्या शब्दाच्या चुकीच्या लेखनातून नकाशांवर आले असावे.

सोए, बोरेरे व डून ही इतर बेटे. ही सारी एका प्राचीन ज्वालामुखीचे अवशेष आहेत. हिर्टावरील कोनाकेर या शिखराची उंची ४३० मी. असून त्याची एक बाजू कापल्यासारखी थेट समुद्रात उतरते. ब्रिटनमधील हा सर्वांत उंच समुद्रकडा. झाडे जवळजवळ नाहीतच. आग्नेयेकडील उपसागरापाशीच काय तो उतार सौम्य आहे आणि गाव तिथे चंद्रकोरीसारखे वळून वसलेले आहे. धक्का नीट नव्हता, त्यामुळे समुद्र खवळला की आठवडेच्या आठवडे होडी लागत नसे.

जमिनीत थोडे जव, ओट आणि बटाटे पिकत. मेंढ्या व काही गुरे होती. समुद्र इतका जवळ असूनही इथले लोक मुख्यतः मासेमार नव्हते. ते पक्ष्यांवर जगत. गॅनेट, फुल्मार आणि पफिन या समुद्रपक्ष्यांच्या प्रचंड वसाहती कड्यांवर आहेत. पुरुष दोरावरून कड्याखाली उतरत, अनवाणी पायांनी कपारींवर चालत, पक्षी आणि अंडी गोळा करत. ऑगस्टमध्ये फुल्मारची पिल्ले पकडली जात. मांस खाण्यासाठी, तेल दिव्यासाठी व औषधासाठी, पिसे विकण्यासाठी. बेट पिढ्यान्‌पिढ्या स्काय बेटावरील डनव्हेगनच्या मॅक्लाउड घराण्याच्या मालकीचे होते, आणि त्यांचा खंडही पिसे, तेल, लोकरीचे कापड अशा वस्तूंच्या रूपात जाई.

ही शिकार साठवायची कशी? मीठ दुर्मीळ, हवा दमट. त्यावर उत्तर म्हणजे ‘क्लेट’. चुन्यामातीशिवाय, कोकणातल्या गडग्यासारखे दगडावर दगड रचून उभी केलेली ही ठेंगणी कोठी. वर मोठ्या शिळा आणि त्यावर गवतासकट मातीचे थर. दगडांमधल्या फटींतून वारा सतत वाहतो, छपरातून पाऊस आत येत नाही. पक्षी, अंडी, जळणाची माती, दोर, गवत असे सारे तीत सुके राहत असे. एकट्या हिर्टावर अशा बाराशेहून जास्त कोठ्या आहेत. गावातली घरे पुन्हा बांधली गेली, पण क्लेटच्या बांधणीत सुधारणा करण्याचे फारसे काही कोणाला सुचले नाही.

सध्या दिसणाऱ्या गावाची आखणी १८३० च्या दशकातली. १८६० च्या वादळात घरांचे नुकसान झाल्यावर मालकाने १६ नवी घरे बांधून दिली. त्यांच्या समोरच्या रस्त्यावर रविवार सोडून रोज सकाळी पुरुष जमत आणि दिवसाचे काम ठरवत. मुख्य भूमीवरच्या लोकांनी या बैठकीला ‘संसद’ असे भारदस्त नाव दिले. प्रत्यक्षात प्रश्न व्यवहाराचे असत: आज कोणत्या कड्यावर जायचे, होडीला कोण, मिळालेल्या पक्ष्यांची वाटणी कशी.

म्हणजे सारे काही धडधाकट माणसांच्या संख्येवर अवलंबून होते. १७२७ मध्ये हे भयंकर रीतीने दिसले. तीन पुरुष व आठ मुलगे पक्ष्यांसाठी स्टॅक अन आर्मिन या समुद्रसुळक्यावर उतरले असताना गावात देवीची साथ आली आणि होडी वल्हवून त्यांना आणायला पुरेसे लोकच उरले नाहीत. पुढच्या वर्षी सुटका होईपर्यंत ते त्या खडकावर पक्ष्यांवर जगले.

१६९७ मध्ये लोकसंख्या १८० च्या आसपास नोंदली गेली होती. १८५२ मध्ये ३६ जण ऑस्ट्रेलियाला निघाले. त्यांतले बरेच वाटेतच दगावले. शिवाय नवजात मुले धनुर्वाताने आठवड्याभरात दगावत. धर्मगुरू अँगस फिडीस यांनी प्रसूतीच्या स्वच्छ पद्धतींचा आग्रह धरल्यावर १८९० च्या दशकात हा प्रकार थांबला, पण तोवर पिढ्या आक्रसल्या होत्या. १८७७ पासून आगबोटीने पर्यटक येऊ लागले. मोजे, कापड, अंडी विकून रोकड मिळू लागली. निरोप धाडण्यासाठी लाकडाच्या कोरीव तुकड्यात पत्र बंद करून, मेंढीच्या मूत्राशयाचा फुगा बांधून ते समुद्रात सोडण्याची रीतही तेव्हाचीच. पहिल्या महायुद्धात नौदलाची तुकडी आली, नोकरी व पगार हे शब्द रोजचे झाले. युद्धानंतर तरुण निघून गेले. दुर्गमपणाने गाव संपले असे सरसकट सांगितले जाते. दुर्गमपणा तर आधीही होता. होडी व दोर सांभाळणारे पुरुष मात्र राहिले नाहीत.

जानेवारी १९३० मध्ये मेरी गिलीस ही तरुणी आजारी पडली, तिला ग्लासगोला नेले, पण ती वाचली नाही. मे महिन्यात ग्रामस्थांनी सरकारकडे स्थलांतराचा अर्ज केला. निघताना प्रत्येक घरात उघडे बायबल आणि ओटची छोटी रास ठेवली होती. ‘हेअरबेल’ या नौदलाच्या जहाजाने त्यांना नेले. अनेकांना मॉर्व्हर्न भागात वनखात्यात काम मिळाले. ज्यांनी गावात झाड पाहिले नव्हते त्यांना.

१९५७ पासून बेट नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि त्याच वर्षी तिथे लष्कराचा तळ आला. युनेस्कोने १९८६ मध्ये निसर्गासाठी आणि २००५ मध्ये संस्कृतीसाठी त्याला जागतिक वारसा मानले. १९३२ मध्ये सोएवरून आणलेल्या मेंढ्या आता रानटी कळपांनी फिरतात. बेटाचा स्वतःचा रानउंदीरही टिकून आहे. घरातला उंदीर मात्र माणसे गेल्यावर थोड्याच काळात नामशेष झाला.