टीव्हीवरची जाहिरात आणि नवा गेमिंग कन्सोल

नवा गेमिंग कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, येतो तेव्हा बहुतेक लोकांनी तो हातात धरलेला नसतो, फक्त जाहिरात बघितलेली असते, आणि त्या वीस-तीस सेकंदांत जे डोक्यात बसतं ते नंतर लवकर निघत नाही. प्रोसेसर किती फास्ट, मेमरी किती, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहतं ते एवढंच की हे नेमकं आहे काय, कुणासाठी आहे, आणि आपल्यासारख्यांच्या घरात ते शोभेल का. जाहिरात मशीन विकते असं आपण पटकन म्हणून टाकतो, पण विक्री नंतरची, आधी या तीन प्रश्नांची उत्तरं जातात घराघरात. उत्तर गोंधळाचं गेलं की मशीन कितीही भारी असो, त्याला ते नडतंच.

अमेरिकन संशोधक हर्बर्ट क्रुगमन याने १९७२ मध्ये मांडलं होतं की जाहिरात माणसापर्यंत पोचायला तीन वेळा दिसणं पुरेसं असतं. पहिल्यांदा बघणारा विचारतो हे काय आहे, दुसऱ्यांदा विचारतो याचा मला काय उपयोग, आणि तिसऱ्यांदा आणि त्यानंतर कितीही वेळा दिसली तरी ती फक्त आठवण करून देते. त्याच्या आधी १९६८ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्क याने दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती पुन्हापुन्हा नजरेसमोर आली तरी ती आवडायला लागते, कारण सांगावं लागत नाही.

हे पुस्तकातलं वाटतं ना, पण ठाण्याच्या नौपाड्यातल्या एखाद्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये बसून बघा. मॅच चालू आहे, ओव्हर संपते, जाहिरात लागते, आणि मुलाचा हात घास घेतलेला तसाच थांबतो. आई टीव्हीकडे बघत नाही, ती मुलाच्या चेहऱ्याकडे बघते. पुढच्या ब्रेकला परत तीच लागते तेव्हा बाबा विचारतात, "केवढ्याला असतं रे हे?" आणि जाहिरातीत किंमत नसतेच. तिसऱ्यांदा लागली की आतून आजीच हाक मारते, "लागलं बघ तुझं ते." अजून दुकानात कुणी गेलेलं नाही, एक रुपया खर्च झालेला नाही, आणि घरात त्या वस्तूला मालक मिळालेला आहे. माझ्या मते जाहिरातीचं खरं काम इथेच झालं, पुढचं सगळं बजेटचं.

खेळणं, की कॉम्प्युटर, की अजून काही

अमेरिकेत १९८३ ला व्हिडिओ गेमचा धंदा असा कोसळला की दुकानदार ते नावच ऐकून घ्यायला तयार नव्हते. त्यामुळे निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आपलं मशीन आणलं तेव्हा त्याला व्हिडिओ गेम म्हटलंच नाही, 'एन्टरटेनमेंट सिस्टीम' म्हटलं, आणि सोबत रॉब नावाचा छोटा रोबोट आणि एक लाइट गन, म्हणजे टीव्हीवर नेम धरायची बंदूक, दिली. जपानमध्ये तेच मशीन १९८३ पासून 'फॅमिली कॉम्प्युटर' म्हणून विकलं जात होतं. म्हणजे आतलं मशीन मुळात तेच, एका देशात ते कॉम्प्युटर, दुसऱ्या देशात रोबोटवालं खेळणं. त्या रोबोटवर चालणारे गेम फक्त दोन निघाले, पण दुकानाचं दार त्यानेच उघडलं.

मग सेगा या दुसऱ्या कंपनीने उलटी चाल केली. निन्टेन्डो लहान मुलांचं, आमचं मोठ्या पोरांचं, असं सरळ नाव घेऊन सांगायला सुरुवात केली, जाहिरातीच्या शेवटी कुणीतरी 'सेगा' म्हणून जोरात किंचाळायचं आणि आपलं मशीन जास्त वेगवान आहे असं सुचवणारा 'ब्लास्ट प्रोसेसिंग' नावाचा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसवला. त्या नावाने जे तंत्र सांगितलं जात होतं ते तेव्हाच्या गेम्समध्ये जवळपास वापरलंच गेलं नाही, पण शाळेच्या मैदानावर भांडताना तो शब्द कामाला यायचा आणि जाहिरातीला तेवढंच हवं होतं. सोनीने १९९९ च्या प्लेस्टेशनच्या एका प्रसिद्ध ब्रिटिश जाहिरातीत तर गेम दाखवलाच नाही, वेगवेगळ्या वयाची साधी माणसं एकामागून एक कॅमेऱ्याकडे बघून आपल्या दुहेरी आयुष्याबद्दल बोलतात, बस. गेम खेळणारा म्हणजे आळशी पोरगा ही समजूत मोडायला ती जाहिरात खूप उपयोगी पडली असं मला वाटतं, कारण त्यात खेळणाऱ्याला मान दिलाय.

धक्का द्यायला जाऊन फसलेलेही आहेत. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सची २००२ ची ब्रिटनमधली जाहिरात, ज्यात जन्मलेलं बाळ खिडकीतून उडतं, हवेतच म्हातारं होतं आणि थेट थडग्यात पडतं, ती शंभरावर तक्रारी आल्यावर टीव्हीवरून काढावी लागली. प्लेस्टेशन ३ च्या वेळी २००६ मध्ये पांढऱ्या खोलीत एक बाहुली दाखवली, ती रडते, हसते, तिचे अश्रू उलटे डोळ्यात जातात. लोकांना भीती वाटली आणि मशीन काय करतं ते कळलं नाही, वर किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर. २००९ मध्ये सोनीने किंमत २९९ वर आणली, मशीन बारीक केलं आणि कंपनीचा एक काल्पनिक साहेब उभा करून साध्या भाषेत समजावून सांगायला लावलं की हे सगळंच करतं. किंमत उतरल्याचा वाटा मोठाच, पण मत बदललं त्यात त्या साध्या बोलण्याचाही हात होता.

वी आणि वी यू

एकच उदाहरण द्यायचं झालं तर मी हे देईन. २००६ च्या नोव्हेंबरात निन्टेन्डोचा वी अमेरिकेत आला, किंमत २४९ डॉलर. जाहिरातीत दोन जपानी माणसं छोट्या गाडीतून येतात, कुणाच्याही घराची बेल वाजवतात, वाकून नमस्कार करतात आणि रिमोट पुढे करतात. दार उघडणारं कुटुंब असतं, म्हातारी माणसं असतात, बायका असतात. मग सगळे उभे राहून हात हलवत टेनिस खेळतात. कॅमेरा स्क्रीनपेक्षा माणसांवरच जास्त. हे काय आहे, तर हात हलवायचा खेळ. कुणासाठी, तर दार उघडेल त्याच्यासाठी. तिन्ही उत्तरं अर्ध्या मिनिटात, आणि वी जगभरात १० कोटींच्या वर विकला गेला.

लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की जोरात हात फिरवताना रिमोट सुटून टीव्हीवर, दिव्यावर आदळायला लागले आणि त्याच डिसेंबरात निन्टेन्डोला मनगटाचे सुमारे ३२ लाख पट्टे मजबूत करून बदलून द्यावे लागले. जाहिरातीतला तो हॉल बघा, सोफा भिंतीला, समोर मोकळी जागा. आपल्याकडे दहा बाय बाराच्या हॉलमध्ये एका बाजूला शोकेस, दुसऱ्या बाजूला दिवाण, मध्ये टीपॉय आणि डोक्यावर पंखा, तिथे टेनिसचा हात उचलायचा कसा हा प्रश्न जाहिरातीने कधी मनात घेतलाच नव्हता.

सहा वर्षांनी वी यू आला. २०११ ला तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा सगळा भर नव्या स्क्रीनवाल्या कंट्रोलरवर होता, खालचा डबा दिसायचा नाही म्हटलं तरी चालेल, आणि नावही तेच, पुढे फक्त एक अक्षर. बघणाऱ्यांना वाटलं जुन्या वीला जोडायचं नवीन काहीतरी निघालंय, घरात वी आहे की, परत कशाला घ्या. कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतः नंतर मान्य केलं की लोकांचा असा गैरसमज झालाय. तोपर्यंत वेळ गेली होती. वी यू १ कोटी ३६ लाखांच्या आसपास थांबला. गेम चांगले होते, त्यातले कितीतरी पुढे निन्टेन्डोच्याच स्विच या नंतरच्या मशीनवर परत आणले आणि तिथे धडाक्यात चालले, म्हणजे खोट गेम्समध्ये नव्हती. पहिल्याच प्रश्नाचं उत्तर, हे काय आहे, तेच चुकीचं गेलं होतं. मला या गोष्टीचं आजही वाईट वाटतं, कारण मशीन बनवणाऱ्या लोकांची मेहनत न समजावलेल्या अर्ध्या मिनिटात वाया गेली.

स्विचच्या वेळी तीच कंपनी शहाणी झालेली दिसते. ऑक्टोबर २०१६ च्या पहिल्या व्हिडिओत मशीन टीव्हीखालच्या डॉकमधून, म्हणजे ते टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडमधून, उचलतात, हातात घेऊन घराबाहेर पडतात, विमानात खेळतात, गच्चीवरच्या पार्टीत खेळतात, आणि समजावायला एकही वाक्य लागत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये निन्टेन्डोने पहिल्यांदाच सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या, मॅचमध्ये जाहिरात दिली, ३ मार्चला मशीन दुकानात आलं.

ठाणे-नवी मुंबईत

आमच्याकडे चरईत नव्वदच्या दशकात जे आलं ते जाहिरात न बघताच आलं. केबल नुकती आलेली, आणि 'व्हिडिओ गेम' म्हणजे जपानी मशीनची नक्कल, पिवळी-निळी कॅसेट मारायची, चालली नाही तर फुंकर घालायची. माझ्या कॅसेटवर ९९९९ गेम असं छापलेलं होतं, लावली तर तेच दहा-बारा गेम नाव बदलून परत परत येत होते, मी मोजत बसलो होतो रात्री. टीव्हीवर कुणी सांगायला नव्हतं तेव्हा डब्यावरचं चित्र हीच जाहिरात, आणि आईचं मत तिथेच ठरलं की असल्या वस्तू फसव्या असतात. पुढे कितीतरी वर्षं कुठल्याही कन्सोलचं नाव काढलं की तिला ती कॅसेट आठवायची, नव्या मशीनला त्या जुन्या मताशीही भांडावं लागलं.

भारतात टीव्हीवरून मोठ्या प्रमाणात कन्सोल सांगायचा प्रयत्न एक्सबॉक्स ३६० ने केला. सप्टेंबर २००६ मध्ये तो १९,९९० आणि २३,९९० रुपयांना आला आणि चेहरे घेतले अक्षय कुमार आणि युवराज सिंग. ओळखीचा चेहरा घेतला की अनोळखी वस्तूची भीती कमी होते, हे बरोबर. पण आपल्या घरात पैसे ज्याच्या हातात असतात त्याचा प्रश्न वेगळा असतो: अभ्यासाचं काय, डोळ्यांचं काय, आणि घरातला एकच टीव्ही, सात वाजता आजीची मालिका असते तेव्हा काय. या प्रश्नांना युवराजकडे उत्तर नव्हतं. वीच्या जाहिरातीत ते होतं, आई-बाबाच खेळताना दिसत होते, पण ती आपल्या चॅनलवर मी तरी कधी बघितली नाही. मराठी चॅनलवर तर अस्सल मराठीत लिहिलेली कन्सोलची जाहिरात मला आठवतच नाही, आणि ही मोठी उणीव आहे, कारण निर्णय घेणारी आई तेच चॅनल बघत असते.

मग इथे मत बनतं कसं, तर टीव्हीने आस लावायची आणि हाताने खात्री करायची. वाशीच्या, सीवूड्सच्या मॉलमध्ये किंवा घोडबंदर रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या दुकानात डेमो लावलेला असतो, कंट्रोलर वायरने बांधलेला, मुलं रांगेत, आणि मागे पिशव्या धरून उभी असलेली आई मनातल्या मनात आवाज, मारामारी, रक्त सगळं मोजत असते. दुसरी जागा म्हणजे गेमिंग पार्लर, तासावर पैसे, कॉलेजची पोरं फुटबॉल लावून बसलेली. तिसरी म्हणजे मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड, ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, तिथे भारतात अधिकृतपणे न आलेला स्विचसुद्धा मिळायचा. त्याची जाहिरात आपल्या टीव्हीवर नव्हती, यूट्यूबवर बघूनच पोरं जायची. प्लेस्टेशन ५ तर २ फेब्रुवारी २०२१ ला ४९,९९० रुपयांना आला आणि त्याआधीच जानेवारीतलं प्रीऑर्डर काही मिनिटांत संपलेलं होतं, तिथे 'मिळत नाही' या बातमीनेच जाहिरातीचं काम केलं.

बारीक अक्षरं

जाहिरातीत जे चित्र दिसतं ते खेळताना दिसेलच असं नाही. २००५ ला प्लेस्टेशन ३ साठी किलझोन नावाच्या मालिकेतल्या नव्या गेमचा जो व्हिडिओ दाखवला तो आधीच रेंडर केलेला, म्हणजे वेगळा बनवून ठेवलेला, होता, मशीनवर चालणारा नव्हता, आणि त्यावरून वर्षानुवर्षं वाद झाला. आता बऱ्याच जाहिरातींत खाली लिहिलेलं असतं की हे प्रत्यक्ष गेमप्ले नाही.

आपल्याकडे जाहिरातींवर १९८५ पासून अ‍ॅस्की ही स्वयंनियमन करणारी संस्था लक्ष ठेवते, तिच्याकडे कुणीही तक्रार करू शकतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे, आणि त्याने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत जे नियम आणले त्यात मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींचा वेगळा विचार आहे, शिवाय खालची सूचना जाहिरातीतल्या दाव्याच्याच भाषेत असावी असंही म्हटलंय. आमच्या हॉलमध्ये सोफ्यावरून टीव्ही आठ फुटांवर आहे आणि ती ओळ मला तिथून वाचता येत नाही, उठून जवळ जाईपर्यंत जाहिरात संपलेली असते.