जुन्या वस्तऱ्याचे पाणी : दुरुस्तीसाठी देण्यापूर्वी ग्राहकांनी वाचावे असे थोडे

आजोबांच्या पेटीतून, बंद पडलेल्या सलूनच्या खणातून किंवा जुन्या बाजारातून मिळालेला वस्तरा घेऊन येणारे ग्राहक बहुधा आधी चकाकीविषयी विचारतात. चकाकी आणणे हे दुरुस्तीतील सर्वांत सोपे काम आहे. वस्तऱ्याचा जीव त्याच्या पोलादाला घडवतानाच दिलेल्या पाण्यात, म्हणजे तापवून झटकन थंड केल्याने आलेल्या कठीणपणात असतो आणि चुकीच्या हाताळणीने ते काही सेकंदांत उतरू शकते. आमची कामाची पद्धत, त्याला लागणारा वेळ आणि काही वस्तरे आम्ही का परत करतो, हे सारे या एका गोष्टीवर ठरते.

पात्याला पाणी देताना काय घडते

आमच्याकडे येणारे बहुतेक जुने वस्तरे इंग्लंडमधील शेफील्ड किंवा जर्मनीतील झोलिंगेन येथे बनलेले असतात. त्यांच्या पोलादात साधारण एक टक्का किंवा त्याहून थोडा अधिक कार्बन असतो. शेफील्डच्या अनेक पात्यांवर ‘कास्ट स्टील’ असा ठसा दिसतो. बेंजामिन हंट्समन यांनी १७४० च्या दशकात तेथे सुरू केलेल्या, मुशीत वितळवून एकजीव केलेल्या पोलादाची ती खूण आहे. पाते साच्यात ओतलेले नसून ठोकून घडवलेलेच असते.

असे पोलाद सुमारे ७८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की त्यातील बराचसा कार्बन लोखंडात विरघळतो. त्या क्षणी पाते पाण्यात किंवा तेलात बुडवून झटकन थंड केले, तर कार्बनच्या अणूंना बाहेर पडायला वेळ मिळत नाही. ते लोखंडाच्या स्फटिकरचनेत अडकून राहतात, ती रचना ताणली जाते आणि पोलाद अतिशय कठीण होते. या अवस्थेला मार्टेन्साइट म्हणतात. मात्र एवढ्यावर सोडलेले पाते ठिसूळ राहते आणि त्याच्या धारेच्या कपच्या उडतात. म्हणून ते पुन्हा साधारण १५० ते २०० अंशांपर्यंत तापवतात. या टेंपरिंगमुळे आतला ताण सैलावतो, पण कठीणपणा रॉकवेलच्या सी मापावर (धातूचा कठीणपणा मोजण्याच्या एका मापावर) ६० च्या आसपास टिकतो. धार लावता यावी आणि लावलेली धार राहावी, हा तोल त्यातूनच साधतो.

पाणी देताना पाते जाडच ठेवलेले असे. दोन्ही बाजूंनी खोलगट घासून ते पातळ करण्याचे काम त्यानंतर, ओल्या दगडी चाकांवर होत असे. शेफील्डमधील शेफर्ड व्हील आणि झोलिंगेनचा विप्परकोटन या पाणचक्कीवर चालणाऱ्या घासशाळा आजही जपून ठेवलेल्या आहेत. चाक ओले ठेवण्यामागे पाते तापू न देण्याची काळजी होती आणि आमच्या कार्यशाळेत आम्ही तीच काळजी घेतो.

पाणी उतरते कसे

वस्तऱ्याची पाठ जाड असते, पण धारेजवळ पाते कागदासारखे पातळ होत जाते. कोरड्या बफवर (चकाकी आणणाऱ्या फिरत्या चाकावर) किंवा ग्राइंडरवर ते टेकवले की घर्षणाची उष्णता त्या पातळ भागातच साठते, कारण ती वाहून नेण्याइतके पोलाद तेथे नसते. सुमारे २२० अंशांना फिकट पिवळी छटा उमटते, त्यानंतर ती तपकिरी व जांभळी होत जाते आणि ३०० अंशांच्या आसपास निळी होते. टेंपरिंगची मर्यादा पिवळी छटा दिसण्याआधीच ओलांडलेली असते, त्यामुळे रंग पाहून हात आवरला तरी उशीर झालेला असतो. शिवाय हा रंग पॉलिशने सहज निघून जातो, मऊपणा मात्र राहतो. म्हणूनच लखलखीत करून विकलेला वस्तरा आम्ही अधिक बारकाईने तपासतो. अशा पात्याला दगडावर धार येते, परंतु कोर, म्हणजे धारेची कड, पुन्हापुन्हा एका बाजूला वळते आणि दोन-तीन दाढ्यांतच केस ओढू लागते.

उतरलेले पाणी पुन्हा का देत नाही, असे विचारले जाते. खोलगट घासलेले पातळ पाते तेवढे तापवून बुडवले, तर ते वाकण्याची किंवा तडकण्याची शक्यता फार मोठी असते, तसेच भट्टीत पृष्ठभागाचा कार्बन जळून जातो. जळालेला भाग धारेपुरताच अरुंद असेल, तर तो दगडावर हळूहळू घासून खालचे कठीण पोलाद उघडे करता येते. त्याहून अधिक असेल, तर वस्तरा शोभेसाठी ठेवावा, असे आम्ही स्पष्ट सांगतो आणि धारेचे पैसे घेत नाही.

आमची पद्धत

भिंगाखाली तडे व गंजाचे खड्डे पाहिल्यावरच आम्ही काम स्वीकारतो. धारेपर्यंत गेलेला तडा दुरुस्त होत नाही. गंज आम्ही ओल्या पॉलिश पेपरने, ४०० पासून २००० नंबरपर्यंत, हाताने काढतो. सर्व खड्डे घालवण्याचा हट्ट धरल्यास पाते नको तेवढे पातळ होते, म्हणून काही काळे ठिपके आम्ही जाणूनबुजून राहू देतो. धार लावताना पाठ आणि कोर दोन्ही दगडाला टेकतात व धारेचा कोन त्यावरूनच ठरतो, त्यामुळे पाठ वारेमाप घासलेला वस्तरा पूर्ववत करणे कठीण असते.

सेल्युलॉइडच्या, म्हणजे एका जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या मुठीकडे विशेष लक्ष द्यावे. जुने सेल्युलॉइड विघटित होऊ लागले की त्यातून नायट्रोजनची आम्लकारी ऑक्साइडे बाहेर पडतात, कापरासारखा वास येतो आणि मुठीला लागून असलेल्या पात्यावर गंज पसरतो. अशी मूठ बदलावीच लागते. तोपर्यंत तो वस्तरा इतरांपासून वेगळा आणि आगीपासून दूर ठेवावा. हस्तिदंती मुठींचे काम आम्ही घेत नाही, कारण भारतात हस्तिदंताच्या व्यापाराला वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे.

घरी घ्यावयाची काळजी

उकळत्या पाण्याचे १०० अंश किंवा ऑटोक्लेव्हचे (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचे) १२१ अंश यांनी पात्याचे पाणी उतरत नाही. मात्र वाफेने गंज चढतो आणि शिंगाची मूठ वेडीवाकडी होते. गॅसच्या ज्योतीवर पाते कधीही धरू नये. दाढी झाल्यावर पाते पुसावे, उघडेच पूर्ण वाळू द्यावे आणि शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. कोकण-गोव्यात व मुंबईत पावसाळ्यात वस्तरा चामड्याच्या म्यानात ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. एकाचा वस्तरा दुसऱ्याने वापरू नये.

वस्तरा पाठवताना तो आधी घासू किंवा पॉलिश करू नये. पाते मिटवून त्यावर रबर लावावे आणि तो पुठ्ठ्याच्या कडक खोक्यात ठेवावा. पूर्वी त्यावर यंत्राने काम झाले असल्याचे ठाऊक असेल, तर तसे एका चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावे. त्याच पात्याची धार आम्ही सर्वांत आधी तपासतो.