बेंगळुरूचा नववा कप आणि कुवेतचा हिशोब

4 जुलै 2023 च्या रात्री बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियममध्ये, सॅफ म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या फुटबॉल स्पर्धेच्या भारत-कुवेत फायनलला, जे होते ते आजही भेटले की आधी कुवेतचंच नाव काढतात, कप मागाहून येतो. जे नव्हते ते म्हणतात, अरे सॅफच तर होती, त्यात एवढं काय. हे वाक्य मला दर वेळी टोचतं, म्हणून मागचं जरा सविस्तर लिहून काढतोय.

1951 ची दिल्ली आणि 1962 चं जकार्ता, एशियन गेम्सची ती दोन गोल्ड सगळ्यांना पाठ आहेत, त्यात जात नाही. नंतर पुढे पुढे वाट्याला मोठं असं काही येईना आणि 1993 ला लाहोरमध्ये सुरू झालेली ही दक्षिण आशियाची स्पर्धाच आपला हक्काचा कप होऊन बसली. लाहोर, मग 1997 काठमांडू, 1999 ला घरी मडगावात, 2005 कराची, 2009 ढाका, 2011 दिल्ली, 2015 ची तिरुवनंतपुरमला (तिची फायनल जानेवारी 2016 मध्ये झाली), 2021 माले, असे आठ झाले. ह्यातल्या 2009 ला तर आपण 23 वर्षांखालची पोरं पाठवली होती, ती पेनल्टीवर मालदीवला हरवून कप घेऊन आली, आणि 2018 ला तसंच करायला गेलो तर त्याच मालदीवकडून फायनल हरलो. म्हणजे आपणच ह्या कपाला कधी मोठं मानलं कधी नाही, हे खरं आहे.

पण कप बाजूला ठेवून माणसं बघा. माझ्यासाठी ही गोष्ट अंधेरीपासून सुरू होते. जून 2018, चार देशांची छोटी स्पर्धा, चायनीज तैपेईला आपण 5-0 ने धुतलं आणि बघायला माणसं किती, तर 2,569. दुसऱ्या दिवशी कॅप्टन सुनील छेत्रीने व्हिडिओ टाकला, शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. 4 जूनला केनियाविरुद्ध त्याची शंभरावी मॅच होती, तिकिटं संपली, आणि त्या संध्याकाळी मुंबईत जो पाऊस कोसळला त्यात मैदानावर पाणी साचून बॉल जिथल्या तिथे थबकत होता, आम्ही स्टँडमध्ये बुटात पाणी घेऊन उभे, कोणी जागचं हललं नाही. 3-0 जिंकलो. माझ्या बाजूला एक बाई होत्या, मुलाला खांद्यावर घेऊन, त्याच्या डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, पूर्ण दुसरा हाफ त्या तशाच उभ्या होत्या.

तिथून बेंगळुरूपर्यंत पाच वर्षं. 2023 चा सीझन वेगळाच चालला होता. मार्चमध्ये इम्फाळला म्यानमार आणि किर्गिझस्तानला हरवलं, स्टेडियम खच्चून भरलेलं. पुढे मे महिन्याच्या सुरुवातीला मणिपूर पेटलं. जूनमध्ये भुवनेश्वरला इंटरकॉन्टिनेंटल कपच्या फायनलमध्ये लेबनॉनला 2-0, आणि लगेच तीन दिवसांनी बेंगळुरूत सॅफ सुरू, पहिलीच मॅच पाकिस्तान, भर पावसात 4-0, कॅप्टनची हॅटट्रिक. (पाकिस्तानची टीम व्हिसाच्या भानगडीमुळे मॅचच्या दिवशीच शहरात पोचली होती, हेही सांगायला हवं.) ह्याच मॅचमध्ये आपल्या कोचने पाकिस्तानचा थ्रो-इन होताना प्लेयरच्या हातातला बॉल उडवला आणि रेड कार्ड घेतलं, आणि कुवेतविरुद्ध परत एक घेतलं. त्यामुळे सेमी आणि फायनल दोन्हीला तो टचलाइनवर नव्हता, तिथे उभा होता आपला असिस्टंट कोच, गोव्याचा महेश गवळी, ज्याला आपण एकेकाळी डिफेन्समध्ये खेळताना बघितलंय. ही गोष्ट गोव्याबाहेर फार कोणी बोलत नाही, बोलायला पाहिजे.

आता मूळ भांडण. पाहुणे.

सॅफमध्ये कुवेत आणि लेबनॉन काय करत होते? तर झालं असं की श्रीलंकेवर जानेवारी 2023 मध्ये जागतिक संघटनेने बंदी घातली होती, आणि अफगाणिस्तान आधीच मध्य आशियाच्या गटात निघून गेला होता. उरले सहा, भारत, नेपाळ, पाकिस्तान, बांगलादेश, मालदीव, भूतान. आठ टीम करायच्या म्हणून पश्चिम आशियातून दोघांना बोलावलं. आमच्याकडे पाहुणे म्हणजे सोयरे, पानात वाढलं की झालं, पण इथे पाहुण्यांना कप न्यायची पण मुभा होती. म्हणजे फायनल कुवेतने मारली असती तर दक्षिण आशियाचा चॅम्पियन म्हणून कुवेतचं नाव लागलं असतं. ह्यावर तेव्हा बरीच खडाजंगी झाली. एक बाजू म्हणायची की मग ह्याला दक्षिण आशियाची स्पर्धा म्हणायचंच कशाला, नेपाळ-बांगलादेशच्या पोरांची फायनलला जायची जागा तुम्ही बाहेरच्याला दिली. दुसरी बाजू म्हणायची की दर वेळी त्याच त्याच टीमशी खेळून आपण मोठे कसे होणार, आशियात पुढे जायचं तर ह्याच लोकांशी भिडावं लागणार आहे.

मला पहिल्या बाजूचं नेपाळ-बांगलादेशबद्दलचं म्हणणं पटतं, त्यांच्यावर अन्याय झालाच, सेमीत बांगलादेश एक्स्ट्रा टाइमपर्यंत कुवेतशी लढला आणि 1-0 ने गेला. पण आपल्या विजयाला त्यामुळे कमीपणा कसा येतो हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही. एरवी सॅफ जिंकली की लोक म्हणतात समोर होतंच कोण. ह्या वेळी समोर सेमीत लेबनॉन होता, फायनलला कुवेत होता, तर तेच लोक म्हणायला लागले की ही काय खरी सॅफ नाही. दोन्ही कसं चालेल? ह्या दोन टीम नसत्या तर नववा कप आठव्यासारखाच झाला असता, एका ओळीची बातमी.

फक्त एक गोष्ट मात्र मान्य करायला पाहिजे. ह्या पाहुण्यांना त्या स्पर्धेत आपण खेळून असं हरवलं नाही. गटात कुवेतशी 1-1, कॅप्टनने कॉर्नरवरून हवेतला बॉल तसाच मारून गोल केला होता आणि शेवटी इंज्युरी टाइममध्ये आपल्याच डिफेंडरचा सेल्फ गोल. सेमीत लेबनॉन 120 मिनिटं 0-0, पेनल्टीवर 4-2. फायनल परत 1-1, परत पेनल्टी. जिंकलो, पण बरोबरीत सुटलेल्या मॅच जिंकलो, आणि तेव्हाच मनात एक खोच राहिली की कुवेतचा हिशोब बाकी आहे.

फायनलला मी उद्यान एक्सप्रेसने गेलो होतो, मंगळवार होता, ऑफिसला तब्येतीचं कारण सांगून. 14 व्या मिनिटाला कुवेतने गोल टाकला आणि एवढं मोठं स्टेडियम असं गप्प झालं की समोरच्या बाजूचा ढोल एकटाच वाजत राहिलेला ऐकू येत होता. 38 व्या मिनिटाला आपण चार-पाच पासांत बॉल पुढे नेला आणि मुंबईकडून खेळणाऱ्या मिझोरामच्या पोराने तो आत ढकलला. तो गोल कितीदा बघितला असेन. पेनल्टीत कुवेतची पहिलीच बारवर गेली, मग आपला चौथा चुकला, पाच-पाच मारून झाल्यावर 4-4. सहावा आपला मणिपूरचा पोरगा, त्याने मारला, मग त्यांचा कॅप्टन आला आणि आपल्या गोलकीपरने डावीकडे झेपावून अडवला. 5-4. नंतर सगळं स्टेडियम मिळून वंदे मातरम् म्हणायला लागलं, माझ्या पुढच्या रांगेत दोन कानडी आजोबा होते, दोघे एकमेकांचा हात धरून गात होते. मैदानावर आपला मणिपूरचाच एक मिडफिल्डर तिथल्या मैतेई समाजाचा सात रंगांचा झेंडा पाठीवर घेऊन मेडल घ्यायला गेला, त्यावरून रात्रीच वाद पेटला. त्याने नंतर सांगितलं की मणिपूरकडे लक्ष जावं, शांतता यावी एवढाच हेतू होता. त्या पोराचं घर जळत्या राज्यात होतं, मी त्याच्या बाजूने आहे.

जुलैमध्येच आपलं फिफा रँकिंग 99 वर आलं. आणि 16 नोव्हेंबर 2023 ला, वर्ल्ड कप क्वालिफायरमध्ये, कुवेतच्याच घरी जाऊन 75 व्या मिनिटाचा एक गोल, 1-0. ह्या वेळी 90 मिनिटांत. बेंगळुरूच्या कपावर शंका घेणाऱ्यांना माझं उत्तर ही मॅच आहे.

पुढचं मात्र झपाट्याने बिघडलं. जानेवारी 2024 चा एशियन कप, तीन मॅच, तीन हार, एकही गोल नाही. मार्चमध्ये त्याच वर्ल्ड कप क्वालिफायरमध्ये गुवाहाटीला अफगाणिस्तानकडून 2-1 हरलो, तोच अफगाणिस्तान जो सॅफ सोडून गेला म्हणून पाहुणे बोलवायची वेळ आली होती. 6 जूनला कोलकात्यात परत कुवेत, कॅप्टनची निरोपाची मॅच, जिंकलो असतो तर पुढच्या राउंडचं दार जवळजवळ उघडलं असतं, 0-0. मग दोह्यात कतारचा तो गोल, बॉल लाइनच्या बाहेर गेलेला सगळ्या जगाला दिसला पण रेफरीला नाही, तिथे व्हिडिओ रिव्ह्यू नव्हता. 2-1. गटात कुवेत 7 पॉइंटवर पुढे गेला, आपण 5 वर थांबलो. आठवड्याभरात कोचला काढलं. कॅप्टन मार्च 2025 मध्ये परत आला.

14 ऑक्टोबर 2025 ला मडगावच्या फातोर्डा स्टेडियममध्ये सिंगापूरशी मॅच होती, 2027 च्या एशियन कपची शेवटची आशा. 14 व्या मिनिटाला गोल कोणी केला, तर बेंगळुरूच्या फायनलमध्ये केला होता त्याच मिझोरामच्या पोराने, आणि मला कांतीरवाच आठवलं. मग दोन खाल्ले, 2-1, आशा संपली. बाहेर पडताना स्टँडच्या पायऱ्यांवर शेजारी बसलेले म्हापशाचे एक गृहस्थ म्हणाले, नव्याण्णवला मी इथेच होतो, बांगलादेशला 2-0 ने हरवलं होतं, तेव्हा हा पोरगा दोन वर्षांचा असेल. मग त्यांनी विचारलं, तुम्ही बेंगळुरूला होता का. होतो म्हटलं. तर म्हणाले, मग बसा जरा, गाडीला वेळ आहे ना, कुवेतची शेवटची पेनल्टी कशी अडवली ते सांगा.