नकाशात न मावणारे ओढे आणि डबकी

अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिना राज्यात सव्हाना नदीच्या काठी अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम आणि ट्रिटियम बनवण्याचा एक प्रचंड सरकारी प्रकल्प उभा राहिला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथली गावं उठली, शेतं ओस पडली आणि भोवती पहारा बसला. माणसांची ये-जा थांबली, म्हणून आतली तळी आणि दलदली शाबूत राहिल्या. अणुबॉम्बने निसर्गावर केलेला हा बहुधा एकमेव उपकार असावा.

त्या आवारात एलेंटन बे नावाचं सुमारे १० हेक्टरांचं एक उथळ तळं आहे. कुठल्याही नदीशी त्याचा वरवर पाहता संबंध नाही. पाऊस झाला की ते भरतं, मोठा दुष्काळ पडला की आटतं. उभयचरांचे अभ्यासक व्हिट गिबन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तळ्याभोवती सलग बुटकं कुंपण घातलं, त्याला लागून जमिनीत बादल्या पुरल्या आणि एका दीर्घ दुष्काळानंतरचं अख्खं वर्ष त्यात पडलेले बेडूक आणि सॅलमँडर (पालीसारखे दिसणारे, शेपटीचे उभयचर) मोजले. २००६ साली त्यांनी हिशेब प्रसिद्ध केला. उभयचरांच्या २४ जाती सापडल्या. विणीच्या एका हंगामात ३,६०,०००हून जास्त पिल्लं तळ्यातून बाहेर पडली, त्यांचं एकत्रित वजन १,४०० किलोच्या वर. त्यातलं बहुतेक वजन एकट्या सदर्न लेपर्ड फ्रॉग या बेडकाचं.

हे चौदाशे किलो तळ्यात थांबत नाहीत. ते आजूबाजूच्या रानात पांगतात, साप आणि पक्ष्यांच्या पोटात जातात. नकाशावर एकही निळी रेघ न जोडलेलं हे तळं जंगलाशी चार पायांनी जोडलेलं आहे.

असा संबंध कायद्याने धरायचा की नाही, यावर अमेरिकेत दोन दशकांहून जास्त काळ खटले चालले. १९७२चा क्लीन वॉटर अ‍ॅक्ट 'अमेरिकेच्या पाण्यांना' संरक्षण देतो, पण त्यात नेमकं कुठलं पाणी येतं हे कायदा नीट सांगत नाही. २००१ साली इलिनॉयमधल्या वाळू-खडीच्या जुन्या खाणींत साचलेल्या तळ्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे स्थलांतरित पक्षी उतरतात एवढ्यावर ही तळी केंद्रीय कायद्याखाली येत नाहीत, असा निकाल लागला. २००६च्या रॅपॅनोस खटल्यात न्यायमूर्ती केनेडी यांनी वेगळी कसोटी मांडली: मोठ्या नदीच्या पाण्याशी त्या जागेचा लक्षणीय संबंध असला पाहिजे. आता हा संबंध लक्षणीय आहे की नाही, हे वकिलाने कसं ठरवायचं? प्रश्न आपसूक जलशास्त्रज्ञांच्या अंगणात येऊन पडला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने बाराशेहून जास्त शोधनिबंध चाळून जानेवारी २०१५ मध्ये अहवाल काढला.

या अहवालाचा सगळ्यात भक्कम भाग ओढ्यांविषयी आहे. अलास्का वगळता अमेरिकेतल्या नद्या-ओढ्यांची एकूण लांबी धरली, तर निम्म्याहून जास्त लांबी उगमाजवळच्या ओहोळांची भरते, आणि त्यातले कितीतरी साध्या नकाशावर उमटतसुद्धा नाहीत. नदी म्हणून आपण ज्याकडे पाहतो तो या जाळ्याचा शेवटचा तुकडा.

हे ओहोळ नुसतं पाणी वाहून नेत नाहीत. ब्रूस पीटरसन यांच्या गटाने उत्तर अमेरिकेतल्या वेगवेगळ्या हवामानांतल्या १२ छोट्या ओढ्यांत जड नायट्रोजन (नायट्रोजन-१५) अगदी थोड्या प्रमाणात सोडला आणि तो कुठवर पोहोचतो याचा माग काढला. अमोनियम दहा-वीस मीटरांपासून काही शे मीटरांतच पाण्यातून नाहीसं होत होतं. नायट्रेट त्याच्या पाच ते दहा पट लांब जात होतं. जैविक हालचाल जोरात असलेल्या ऋतूत, पाणलोटातून येणाऱ्या विरघळलेल्या अजैविक नायट्रोजनपैकी निम्म्याहून कमीच खाली जात होता. उरलेला तळातल्या शेवाळाने, जिवाणूंनी आणि बुरशीने धरून ठेवला किंवा वायुरूपात हवेत सोडला. हे संशोधन २००१ साली 'सायन्स'मध्ये आलं.

लहान ओढा हे मोठ्या नदीपेक्षा चांगलं का करतो? बशीत ओतलेला चहा कपातल्या चहाआधी निवतो, त्याच कारणाने. पाणी उथळ असलं की त्याचा मोठा हिस्सा तळाला भिडतो, आणि शुद्धीकरणाचं सगळं काम तळाच्या वाळू-गोट्यांत चालतं. मोठ्या नदीत मधल्या धारेतला नायट्रेटचा कण तळाला न शिवता कित्येक किलोमीटर जाऊ शकतो. मिसिसिपी नदी असा नायट्रोजन मेक्सिकोच्या आखातात ओतते, तिथे शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. २०१७ च्या उन्हाळ्यात हा प्राणवायूविना पट्टा २२,७२० चौरस किलोमीटरांवर पसरला होता.

अन्नाचीही तीच गत. ब्रूस वॉलेस यांनी उत्तर कॅरोलिनातल्या कोवीटा संशोधन केंद्रात जंगलातल्या एका ओहोळावर जाळी अंथरली, म्हणजे झाडांची पानं पाण्यात पडायचीच बंद. तीन वर्षांत पानं खाणारे किडे तर रोडावलेच, त्या किड्यांवर जगणारे भक्षकही कमी झाले. पालापाचोळ्याचा भुगा करून तो खाली पाठवण्याचं काम हेच किडे करतात. वरचं रान तोडलं किंवा ओहोळ पाइपात घातला, तर खालच्या नदीच्या ताटातला घास जातो.

मग २०२३ साली सॅकेट खटल्याचा निकाल आला. आयडाहोमध्ये प्रीस्ट लेकजवळ एका दाम्पत्याने घर बांधायला प्लॉटमध्ये भर घातली आणि पर्यावरण संस्थेने ती पाणथळ जागा असल्याचं सांगून काम अडवलं, असा मूळ वाद. त्या दाम्पत्याच्या बाजूने नऊही न्यायमूर्ती होते. लक्षणीय संबंधाची कसोटीही कोणी उचलून धरली नाही. मतभेद झाला तो तिच्या जागी कुठली कसोटी आणायची यावर, पाच विरुद्ध चार. बहुमताची कसोटी अशी: नदी-ओढा 'तुलनेने कायम' वाहणारा हवा, आणि पाणथळ जागेला त्याच्याशी पृष्ठभागावरून अखंड जोड हवी. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी वेगळ्या मतात दाखवून दिलं, की या हिशेबाने मिसिसिपीच्या पूरबंधाऱ्यांपलीकडच्या पाणथळ जागाही कायद्याबाहेर पडतील.

न्यायालयाची बाजू अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखी नाही. आपल्या रानातली ओल कायद्यात बसते का, हे कळायला शेतकऱ्याने दरवेळी जलशास्त्रज्ञ का बोलवावा? कायद्याला रेघ लागते. अडचण एवढीच, की रेघ ज्या ठिकाणी ओढली तिथे पाण्याच्या वागण्यात काहीच बदलत नाही. निकालानंतर वर्षभराने क्रेग ब्रिंकरहॉफ आणि सहकाऱ्यांचं गणित 'सायन्स'मध्ये आलं. पाऊस पडल्यावर थोडा वेळच वाहणारे, ज्यांचा तळ भूजलाच्या पातळीच्या कायम वर असतो असे ओहोळ त्यांनी मोजले. अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या अमेरिकेत प्रादेशिक नदीखोऱ्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यापैकी सरासरी ५५ टक्के पाणी अशा ओहोळांतून आलेलं असतं. 'तुलनेने कायम' या शब्दांनी नदीचं निम्म्याहून जास्त पाणी जिथून येतं तेच सोडून दिलं.

नदीपासून सुट्या पडलेल्या तळ्यांबद्दल मात्र २०१५ चा अहवाल सावध होता. अशी सगळीच तळी खालच्या नदीवर परिणाम करतात असं सरसकट म्हणण्याइतका पुरावा तेव्हा नव्हता. जागा पाहून ठरवावं लागेल, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. माझ्या मते इथे प्रश्नच उलटा विचारला जातो. कधीकधी जोड नसणं हाच त्या जागेचा गुण असतो.

डकोटा, मिनेसोटा, आयोवा आणि कॅनडाच्या गवताळ प्रदेशात हिमनद्या मागे हटताना लाखो खळगे राहिले. वसंतात बर्फ वितळून ते भरतात, पाणी हळूहळू जमिनीत मुरतं किंवा वाफ होऊन जातं. उत्तर अमेरिकेतल्या बदकांची निम्म्याहून जास्त पैदास इथली. आयोवात शेतकऱ्यांनी जमिनीखाली छिद्रांचे नळ टाकून हे खळगे ओढ्यांना जोडले. आज तिथला बहुतेक पाणथळ भाग उरलेला नाही, आणि जे पाणी खळग्यात थांबून नायट्रेट गाळत होतं ते खतासकट थेट मिसिसिपीच्या वाटेला लागतं. एलेंटन बेच्या बेडकांचंही तेच. तळं अधूनमधून आटतं, नदीला जोडलेलं नाही, म्हणून भुकेल्या माशांची फौज तिथे टिकत नाही आणि बेडकांची पिल्लं वाचतात.

आपल्याकडे वाद वेगळ्या शब्दांत आहे, पण रेघेचा प्रश्न तोच. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांतून नदीपात्रं आणि भातखाचरं वगळली आहेत. ओढा या व्याख्येत येणं अवघडच. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण दिलं, त्या प्रत्येकी २.२५ हेक्टरांहून मोठ्या. हा आकडा कुठून आला? इस्रोच्या अवकाश उपयोग केंद्राचा पाणथळ जागांचा अ‍ॅटलास १:५०,००० प्रमाणावर आहे. दीडशे मीटर बाजूचा चौकोन, म्हणजे २.२५ हेक्टर, त्या नकाशावर तीन मिलिमीटरचा होतो, आणि त्याहून लहान आकृती काढलेली नाही. त्याखालच्या ५,५५,५५७ जागा नुसते ठिपके. नकाशाची सोय निसर्गाचा निकष होऊन बसली.

कोकणातल्या सड्यांवरची पावसाळी डबकी अशा ठिपक्यांहूनही लहान. आंबोलीचा झँथोफ्रिन टायगेरिना हा भेक, ज्याला शास्त्रीय नाव मिळालं २००९ साली, कातळावर साचलेल्या वीतभर पाण्यात अंडी घालतो. घाटमाथ्यापलीकडे नाला खोलीकरणात जेसीबी जेव्हा ओढ्याचा गोटे-वाळूचा थर उपसून कडक खडकापर्यंत जातो, तेव्हा पाणी साठतं खरं, पण पीटरसनचा नायट्रोजन जिथे अडकला तो थरही ट्रॉलीतून निघून जातो. साठ्याचे घनमीटर मोजले जातात, हे नाही.

त्याच आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमाला २०२१ साली राज्य सरकारने जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. क्षेत्र २.११ हेक्टर, आकाराच्या निकषावर ते अ‍ॅटलासमध्ये ठिपकाच ठरलं असतं. संरक्षण मिळालं ते पाणथळ नियमांतून नव्हे, जैवविविधता कायद्यातून, आणि तेही आदल्याच वर्षी तिथल्या पाण्यात शिस्टुरा हिरण्यकेशी हा नवा मासा सापडला म्हणून. शेजारच्या ओहोळांत अजून कोणी मासे शोधायला उतरलेलं नसेल, तर हे दोन्ही कायदे त्यांना ओळखत नाहीत.