बिनतारी कॉल बॉक्स : ड्रिल हातात घेण्याआधी

लांबचं फाटक, गोदामाचं मागचं दार, माल उतरवायचा धक्का, पार्किंगचा तळमजला. अशा ठिकाणी आलेल्या माणसाला आतल्या माणसाशी बोलायचं असतं, पण मध्ये वायर ओढणं परवडत नाही किंवा शक्यच नसतं. तिथे बॅटरीवर चालणारा बिनतारी कॉल बॉक्स लावतात. डब्यात छोटा ट्रान्समीटर, रिसीव्हर, माइक, स्पीकर आणि सेल असतात. बाहेर एक बटण आणि एक अँटेना. बटण दाबलं की आतल्या लोकांच्या वॉकी-टॉकीवर इशारा वाजतो आणि ज्याला ऐकू येईल तो उत्तर देतो. त्यासाठी मोबाइलचं नेटवर्क लागत नाही, इंटरनेट लागत नाही आणि विजेचं कनेक्शनही लागत नाही.

डबा लावून मदत मागायची कल्पना जुनी आहे. 1852 साली बॉस्टन शहरात आगीची वर्दी देणारे डबे रस्त्यांवर बसवले गेले. कुठल्या डब्यातून वर्दी आली, ते तारायंत्राने मध्यवर्ती कचेरीत कळायचं. त्या डब्यांची सगळी भिस्त तारेवर होती. आजच्या डब्याची भिस्त हवेतून जाणाऱ्या लहरींवर आणि पोटातल्या सेलवर आहे. तक्रार आली की आळ मात्र इलेक्ट्रॉनिक्सवर येतो. डबा परत पाठवण्याआधी तो कुठे लावलाय आणि त्यात कोणते सेल आहेत, एवढं पाहिलं तरी पुष्कळ वेळा कारण सापडतं.

आधी जागेचं पाहू. हे डबे सहसा 150 मेगाहर्ट्झच्या आसपास किंवा 450 मेगाहर्ट्झच्या आसपास काम करतात. पहिल्या लहरीची लांबी सुमारे 2 मीटर, दुसरीची सुमारे 67 सेंटिमीटर. या लांबीचा पाव भाग म्हणजे अनुक्रमे 50 आणि 17 सेंटिमीटर. हे दोन आकडे लक्षात ठेवा, बसवताना त्यांचा थेट उपयोग होणार आहे.

डबा साधारण 1 ते 2 वॅट शक्तीने लहरी सोडतो. ऐकणारं यंत्र विलक्षण संवेदनशील असतं. एका वॅटचे दहा कोटी कोटी भाग केले आणि त्यातले एक-दोन भाग अँटेनापर्यंत पोचले, तरी चांगला रिसीव्हर त्यातून बोलणं वेगळं काढतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की पोचणारी शक्ती एक चतुर्थांश होते, म्हणून तिथे रेंज खूप लांबपर्यंत मिळते. खोक्यावर छापलेला रेंजचा आकडा या मोकळ्या मैदानाचाच असतो. प्रत्यक्षात मध्ये सळयांचं काँक्रीट येतं, पत्र्याचं शटर येतं, धातूचा पातळ थर दिलेली काच येते, मातीचा उंचवटा येतो. काही मीटर जाडीची बाधा पुष्कळदा शेकडो मीटर मोकळ्या अंतरापेक्षा जास्त शक्ती खाते.

याहून चकवणारी गोष्ट म्हणजे परावर्तन. लहर सरळ मार्गाने येते, तशीच भिंतीवरून, उभ्या ट्रकवरून, पत्र्याच्या छपरावरून उसळूनही येते. दोन मार्गांनी आलेल्या लहरींत अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडला की त्या एकमेकींना खोडतात आणि त्या जागी आवाज तुटतो. तिथून पाव तरंगलांबी बाजूला गेलात की तोच आवाज खणखणीत येऊ शकतो. म्हणजे 150 मेगाहर्ट्झचा डबा अर्धा मीटर सरकवणं आणि 450 मेगाहर्ट्झचा जेमतेम वीतभर सरकवणं, एवढ्यावर निकाल बदलतो. महागडा अँटेना मागवण्याआधी हा फुकटचा उपाय करून पाहायलाच हवा.

म्हणूनच भोकं पाडण्याआधी चाचणी. डबा ठरलेल्या उंचीवर दोरीने किंवा चिकटपट्टीने तात्पुरता बांधा. हातात धरून चाचणी घेऊ नका, कारण अँटेनाजवळचं शरीरसुद्धा लहरी शोषतं. दुसऱ्या माणसाला आत पाठवा, तेही खिडकीत नाही, तर आवाज पोचायला सर्वांत अवघड अशा कोपऱ्यात : जिन्याखाली, तळघरात, शीतगृहात. शटर खाली ओढून, दारं लावून, धक्क्यावर गाडी उभी असताना एक ते वीस आकडे मोजून ऐकवा. कुठला आकडा गळतो ते पाहून डबा थोडा सरकवा आणि पुन्हा मोजा. अर्ध्या तासाचं हे काम आहे. एकदा स्क्रू बसले की ते कोणी करत नाही.

अँटेना उभाच ठेवायचा. उभ्या अँटेनातून निघालेल्या लहरीचं विद्युत क्षेत्र उभं कंप पावतं आणि तिला नीट पकडायला समोरचा अँटेनाही उभा लागतो. एक उभा आणि एक आडवा असेल तर मोकळ्या जागेत संदेशाची शक्ती शंभर पटीने घटू शकते. टेबलावर आडवा टाकलेला वॉकी-टॉकी म्हणूनच कधी कधी मुका होतो. उचलून उभा धरला की बोलायला लागतो. धातूचंही तसंच. लोखंडी खांबाला समांतर, अगदी चिकटून अँटेना बसवला तर खांब एका दिशेला सावली पाडतो आणि अँटेनाचा मेळही बिघडवतो. लाकडी खांब मिळाला तर उत्तम. लोखंडीच असेल तर अँटेना खांबाच्या टोकापेक्षा वर राहील असा डबा बसवावा, किंवा यंत्रात सोय असल्यास बाहेरचा अँटेना लावावा.

बाहेरचा अँटेना लावताना कायदा पाहा. कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, किती शक्तीने, परवान्याशिवाय बोलता येतं हे देशागणिक बदलतं. अमेरिकेत 151 ते 154 मेगाहर्ट्झमधल्या पाच चॅनलवर 2 वॅटपर्यंत मुभा आहे. युरोपात 446 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अर्धा वॅट आणि अँटेनासुद्धा यंत्राला कायमचा जोडलेला असावा लागतो. एका देशासाठी बनलेला डबा ऑनलाइन मागवून दुसऱ्या देशात लावला, तर तो तिथल्या पोलिसांच्या, अग्निशमन दलाच्या किंवा इतर कुणाच्या बोलण्यात व्यत्यय आणू शकतो. कुणाच्या तरी मदतीच्या हाकेवर आपला डबा ओरडणं हे दंडापेक्षा फार गंभीर आहे.

आता सेल. हे डबे बहुतेक सगळा वेळ झोपलेले असतात, आणि ते तसेच असायला हवेत. हिशेब करून पाहा. समजा, मोठ्या डी आकाराच्या अल्कलाइन सेलची क्षमता 15,000 मिलिअँपिअर-तास आहे. रिसीव्हर सतत जागा ठेवला आणि त्याला 50 मिलिअँपिअर लागले, तर सेल 300 तासांत, म्हणजे साडेबारा दिवसांत संपतील. झोपेत अर्धा मिलिअँपिअर लागत असेल तर तेच सेल तीन वर्षांहून जास्त पुरतील. त्यामुळे बरेच डबे बटण दाबल्यावरच जागे होतात, थोडा वेळ उत्तराची वाट पाहतात आणि पुन्हा झोपतात. याचा एक परिणाम लोकांच्या ध्यानात येत नाही : अशा डब्याला आतून आपणहून हाक मारता येत नाही. फाटकावर माणूस उभा दिसला तरी त्याने बटण दाबेपर्यंत तुमचा आवाज त्याच्यापर्यंत जाणार नाही. हे विकत घेण्याआधीच विचारून घ्यावं.

बोलताना मात्र डबा एकदम एक अँपिअरच्या घरात प्रवाह ओढू शकतो. इथे सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे सेलच्या आतच प्रवाहाला होणारा अडथळा, आडवा येतो. सहा सेल एकामागे एक जोडले की ताजे असताना मिळतात 9 व्होल्ट. प्रत्येकाचा रोध 0.15 ओहम धरला तर एक अँपिअरला 0.9 व्होल्ट आतच जिरतात, बाहेर 8.1 उरतात. सेल जुने होऊन प्रत्येकी रोध अर्ध्या ओहमवर गेला, की बोलताक्षणी 3 व्होल्ट गायब. मल्टिमीटर लावला तर डबा झोपेत असताना 8 व्होल्ट छान दिसतात, आणि बटण दाबलं की पाचवर येऊन यंत्र बंद पडतं. म्हणून व्होल्टेज बोलता बोलता मोजायचं. स्वस्थ पडलेल्या सेलचं व्होल्टेज फसवं असतं. थंडीत हा रोध आणखी वाढतो. दुपारी चालणारा डबा पहाटे मुका राहतो तो यामुळे. कडाक्याच्या थंडीच्या जागी, माहितीपुस्तिकेत परवानगी असेल तर, एकदाच वापरायचे लिथियम सेल बरे. चार्ज होणारे निकेल सेल दीडऐवजी 1.2 व्होल्टचे असतात, सहा मिळून 7.2. त्यांच्यावर डबा चालेल की नाही हेही पुस्तिकाच सांगेल.

सगळे सेल एकदम बदला. एक नवा, पाच जुने असं कधीही नको. मालिकेत सर्वांतून सारखाच प्रवाह जातो. जो सेल आधी रिकामा होतो, त्यातून बाकीचे बळजबरीने प्रवाह ढकलतात आणि त्याची ध्रुवता उलटी होते, म्हणजे अधिक-उणे टोकांची अदलाबदल होते. आत हायड्रोजन वायू साचतो, सेल फुगतो आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा द्राव बाहेर येतो. हा द्राव त्वचेला आणि विशेषतः डोळ्यांना घातक आहे. पांढरी पूड दिसली तर हातमोजे आणि चष्मा घालून सेल काढा, व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने सेल टेकतात त्या धातूच्या पत्त्या पुसा, मग ओलसर फडक्याने पुसून पूर्ण कोरड्या करा. अंगाला लागलं तर भरपूर पाण्याने धुवा. साधे अल्कलाइन सेल चार्ज करायचा प्रयत्न करू नका आणि आगीत तर मुळीच टाकू नका. बदलल्याची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

बसवणं सोपं आहे, फक्त क्रम चुकवू नये. भोकांच्या खुणा करून डबा बाजूला ठेवा आणि मग ड्रिल चालवा, म्हणजे धातूचा कीस सर्किटवर पडणार नाही. डब्याला जादा भोक पाडावंच लागलं तर ते खालच्या बाजूने, वरून कधीच नाही. झाकणाची रबरी पट्टी दुमडलेली नाही ना, हे बोट फिरवून पाहा. पाणी आत शिरतं ते बहुधा तिथूनच. बटण जमिनीपासून 90 ते 120 सेंटिमीटर उंचीवर ठेवलं तर उभ्या माणसाचा आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचाही हात पोचतो. उत्तर मिळाल्याचा दिवा असेल तर ऐकू न येणाऱ्याचीही सोय होते.

वापरताना एक सवय लावावी लागते. इथे एका वेळी एकच जण बोलू शकतो. शिवाय बटण दाबल्यावर ट्रान्समीटर जागा होतो, समोरचा रिसीव्हर संकेत ओळखतो आणि मगच स्पीकर उघडतो. यात काही दशांश सेकंद जातात. दाबल्या दाबल्या बोललं की पहिला शब्द गिळला जातो. शेवट तर त्याहून जपायला हवा. मराठीत नकार वाक्याच्या टोकाला येतो. "गाडी आत आणू नका" म्हणताना बोट लवकर उचललं, तर समोर पोचतं "गाडी आत आणू". दाबा, क्षणभर थांबा, बोला, वाक्य संपल्यावर पुन्हा क्षणभर थांबा आणि मग सोडा. वॉकी-टॉकीवरून उत्तर देणाऱ्या प्रत्येकाला हे शिकवायला हवं.

मला सर्वांत काळजी वाटते ती खासगीपणाच्या गैरसमजाची. खोक्यावर "प्रायव्हसी कोड" असं छापलेलं असतं आणि लोक निर्धास्त होतात. बहुतेक साध्या यंत्रांत हा कोड म्हणजे बोलण्याखाली मिसळलेला एक मंद सूर असतो, 67 ते 254 हर्ट्झच्या दरम्यानचा. तुमचा रिसीव्हर तो सूर ऐकला तरच स्पीकर उघडतो, त्यामुळे तुम्हाला इतरांची बडबड ऐकू येत नाही. इतरांना तुमचं बोलणं ऐकू येण्यात मात्र तो कसलाही अडथळा आणत नाही. त्या चॅनलवर कोड न लावता ऐकणाऱ्याला सगळं ऐकू जातं. म्हणून फाटकाच्या कुलपाचा आकडा, "आज आत कोणी नाही", "चावी कुंडीखाली आहे" असली वाक्यं या डब्यावर कधीच बोलू नयेत. डब्याला फाटक उघडणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) जोडणार असाल तर तोही तेवढाच विचार करून जोडावा. आणि डबा बंद पडला तरी आतल्या माणसाला हाताने दार उघडून बाहेर पडता आलंच पाहिजे.

लहरींनी शरीराला अपाय होतो का, हा प्रश्न हमखास येतो. या लहरींच्या एका कणाची ऊर्जा रेणूंचे बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेच्या लाखो पटीने कमी असते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊतींना किंचित ऊब येणं. 1 वॅट सगळ्या दिशांना सारखा पसरला असं धरलं, तर 20 सेंटिमीटरवर दर चौरस मीटरला सुमारे 2 वॅट येतात, आणि एक मीटरवर फक्त 0.08. 150 मेगाहर्ट्झच्या आसपास सामान्य लोकांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा दर चौरस मीटरला 2 वॅट आहे, आणि तीही अर्ध्या तासाच्या सरासरीची. अँटेनाच्या इतक्या जवळचा हा हिशेब ढोबळच, पण त्यावरून अँटेनापासून वीतभर अंतर ठेवायच्या नेहमीच्या सूचनेमागचं गणित कळतं. बोलणं काही सेकंदांचं असतं. अँटेनाला हात लावून बोलू नये आणि तो कुणाच्या डोक्याशी येईल असा बसवू नये, एवढी काळजी पुरेशी आहे.

ज्वालाग्राही वाफा असलेल्या जागी मात्र तडजोड नाही. इंधनाचं गोदाम, रंग फवारण्याची खोली, धुळीने भरलेली धान्याची कोठी, इथे त्या धोक्यासाठी प्रमाणित केलेलाच डबा हवा. सुरुंग लावायच्या जागेजवळ तर ट्रान्समीटर बंदच ठेवायचा, कारण विजेवर पेटणाऱ्या डिटोनेटरच्या वायरी अँटेनासारख्या लहरी पकडू शकतात.

जीव ज्यावर अवलंबून आहे अशा कामासाठी हा एकटा डबा पुरेसा नाही. चॅनल दुसऱ्याच कुणीतरी अडवलेलं असू शकतं. डब्याखालच्या पाटीवर फोन नंबर किंवा दुसरा मार्ग लिहिलेला हवा. महिन्यातून एकदा चाचणी घ्यावी, ती रोज डबा वापरणाऱ्याकडून नाही, तर तो कधीच न पाहिलेल्या माणसाकडून. फक्त पाटी वाचून त्याला बोलता येतं का ते पाहावं. एखादी चाचणी रात्रीची असावी, म्हणजे त्या वेळी आत वॉकी-टॉकी नक्की कुणाच्या कमरेला असतो आणि सगळेच बंद करून चार्जरवर ठेवलेले असतात का, ते कळेल.