साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड : मुंबईची घरं आणि मुंबईची दुखणी

प्लेग म्हटलं की मराठी माणसाला पुणं आठवतं, रँड आठवतो, चापेकर बंधू आठवतात. त्याच साथीनं मुंबईत घर आणि आजार यांचं नातं चव्हाट्यावर आणलं, ती गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. ‘आरोग्याचे सामाजिक निर्धारक’ (म्हणजे घर, पाणी, उत्पन्न अशा, आरोग्य ठरवणाऱ्या गोष्टी) हा शब्दप्रयोग रूढ व्हायला तेव्हा बराच अवकाश होता.

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत, गोदीलगतच्या धान्याच्या वखारींच्या दाट वस्तीत, मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मं शहर गावाकडे पळालं. उंदरांवरच्या पिसवा रोग पसरवतात हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली मांडलं, पण ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. तोवर समजूत अशी, की रोग जमिनीत, गटारात, भिंतीत मुरलेला असतो. म्हणून सरकारी पथकं घरोघर कार्बोलिक हे जंतुनाशक ओतत, चुना फासत आणि ऊन आत यावं म्हणून छपराची कौलं उतरवत. जे घर माणसाला राहण्यालायक नाही असं ठरे, त्याच्यावर ‘यू.एच.एच.’ ही इंग्रजी आद्याक्षरं रंगवली जात. त्यात राहणाऱ्यानं जायचं कुठे, हे त्या अक्षरांत नव्हतं.

कारण चुकलेलं होतं, पण बोट अगदीच भलतीकडे नव्हतं. अंधार, दाटी आणि धान्याची पोती जिथे, तिथेच उंदीरही होते.

यातूनच १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही शहरसुधारणेची संस्था उभी राहिली. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते त्याच काळातले. समुद्राची हवा शहराच्या पोटात शिरावी हा त्यामागचा हिशोब. पुढे दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहतीही ट्रस्टनंच वसवल्या, पण त्या प्रामुख्यानं मध्यमवर्गाच्या वाट्याला आल्या. ज्या गरिबांची घरं पाडली, ती माणसं कामाच्या ठिकाणापासून लांब जाऊ शकत नव्हती. ती शेजारच्या चाळींत शिरली, तिथली दाटी वाढली आणि भाडीही चढली. माझ्या मते सगळ्या कहाणीची मेख इथे आहे : सुधारणा झाली ती जागेची, माणसाची नव्हे.

ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी मात्र एका गोष्टीचा पिच्छा पुरवला. दोन इमारतींमध्ये किती जागा हवी, याला त्यांनी मोजमाप दिलं. उजेडाची रेषा साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात भिंतीच्या पायथ्यापर्यंत पोचली पाहिजे. सोप्या भाषेत, समोरची इमारत जितकी उंच त्याच्या निम्मं तरी अंतर मोकळं हवं. घरमालकांना हे रुचणं शक्यच नव्हतं; मोकळ्या जागेचं भाडं येत नाही.

दाटीचा हिशोब बालमृत्यूंत दिसत होता. १९२१ साली मुंबईत एका खोलीच्या बिऱ्हाडांत दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे ८२८ अर्भकं दगावल्याची नोंद आहे. दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१. पहिला आकडा फुगलेला आहे हे खरं. बाळंतपणाला बायका गावी जात, त्यामुळे कित्येक जन्म मुंबईत नोंदलेच जात नसत. तरीही ही उतरंड डोळ्याआड करता येत नाही. त्याच दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी झाल्या : १६० चौरस फुटांची खोली आणि सार्वजनिक संडास.

घर आणि आरोग्य यांच्या नात्याच्या विचाराचा पुढचा जागतिक प्रवास थोडक्यात. १९७८च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यानं अन्न, पाणी, स्वच्छता हे प्राथमिक आरोग्यसेवेचे भाग मानले. जागतिक आरोग्य संघटनेनं मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्याच्या सामाजिक निर्धारकांवर नेमलेल्या आयोगाचा अहवाल २००८ साली आला.

त्याच सुमारास गोवंडी-मानखुर्दमध्ये काय चाललं होतं? रस्ते आणि रेल्वे प्रकल्पांत विस्थापित झालेल्या कुटुंबांना नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड अशा वसाहतींत पक्की घरं मिळत होती. नटवर पारेखमध्ये सात-आठ मजली इमारती, आणि काही ठिकाणी दोन इमारतींत जेमतेम तीन मीटर अंतर. ऑरसाहेबांच्या नियमानं ते दहाएक मीटर हवं होतं. खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो. वरून कचरा पडतो म्हणून खिडक्या बंद. मग उरलीसुरली हवाही अडते. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या २०१८च्या अभ्यासानं या रचनेचा आणि तिथल्या क्षयरोगाचा संबंध दाखवला. त्यामागचं विज्ञान अवघड नाही. खोकल्यातून उडालेले जंतू हवा खेळती असेल तर विरळ होतात, ऊन लागलं तर मरतात. बंद अंधाऱ्या खोलीत ते तासन्‌तास तरंगत राहतात.

क्षयाच्या बाबतीत सरकारनं पोटाचा प्रश्न ओळखला आहे. निक्षय पोषण योजनेत २०१८पासून रुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळत, २०२४च्या अखेरीस ते १००० झाले. घराचा प्रश्न मात्र आरोग्य खात्याच्या टेबलावर येतच नाही. तो गृहनिर्माणाच्या, पुनर्वसनाच्या, चटईक्षेत्राच्या फायलींत असतो. आणि दोन इमारतींत किती अंतर सोडायचं, हे ठरताना तिथे क्षयरोगाचा डॉक्टर बसलेला नसतो.